रंगाचा नंबर घरी ठेवा, भिंतीचा पोपडा घेऊन जा

जुन्या भिंतीचा रंग दुसऱ्या कंपनीत जुळतो का? जुळतो. एका कंपनीचा रंग दुसऱ्या कंपनीच्या डब्यात जुळतो, चांगला जुळतो, फक्त नंबरवरून जुळत नाही. दसरा जवळ आला की आमच्या सोसायटीत हाच विषय सुरू होतो आणि सगळे मला विचारतात, कारण मी नाशिकला अंबडमध्ये एका पावडर कोटिंगच्या (धातूवर रंगाची पावडर चढवून भाजायच्या) युनिटमध्ये क्वालिटीला आहे, दिवसभर रंगच बघते, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढू.

आमची बिल्डिंग इंदिरानगरची, आता बऱ्यापैकी जुनी झालीये, आणि या वयाच्या बिल्डिंगांचं एक ठरलेलं दुखणं म्हणजे कन्सील्ड पाइप. कुठेतरी लीक होतो, प्लंबर येतो, हॉलची किंवा पॅसेजची भिंत फोडतो, पाइप बदलतो, सिमेंट लावून देतो आणि जातो. मग उरतो तो दोन-तीन फुटांचा पॅच. प्लास्टर झालं, पुट्टी झाली, प्रायमर मारला, आता रंग कुठला? ज्याने आधी रंग दिला होता त्या कॉन्ट्रॅक्टरचा फोन लागत नाही, किंवा लागला तरी त्याला आठवत नाही, किंवा नंबर मिळतो पण जवळच्या दुकानात रंग बनवायचं मशीन दुसऱ्याच कंपनीचं असतं. दुकानदार म्हणतो, काही प्रॉब्लेम नाही, आमच्यात हाच शेड बनवून देतो. तो खोटं बोलत नसतो. पण त्या 'हाच' मध्ये बरंच काही दडलेलं असतं, तेच सांगायचंय.

आमच्या कामात हा प्रश्न एवढा येत नाही, कारण आमच्याकडे सगळ्यांसाठी सामाईक नंबर आहेत. सातपूर-अंबडला इलेक्ट्रिकल पॅनल बनवणाऱ्या कोणालाही विचारा, ६३१ म्हटलं की त्याला कळतं, लाइट ग्रे. हा आयएस ५ चा नंबर, म्हणजे भारतीय मानकाचा, पावडर कोणत्याही कंपनीची घ्या, ती त्या एकाच नमुन्याला जुळवलेली असते. एक्सपोर्टचा माल असेल तर रालचा नंबर येतो, चार आकडी, ही जर्मनीची पद्धत १९२७ साली ४० रंगांपासून सुरू झाली आणि आज अॅल्युमिनियमच्या खिडक्यांपासून मशीनपर्यंत सगळीकडे चालते. मुद्दा हा की नमुना एकच असतो आणि कंपन्या त्याच्याकडे बघून रंग बनवतात.

घराच्या भिंतीच्या रंगात असं नाहीये. तिथे प्रत्येक कंपनीचा स्वतःचा पंखा (पंख्यासारखं उघडणारं शेड कार्ड), स्वतःचे नंबर. एशियनचा बऱ्याचदा चार आकडी असतो, बर्जरचा आकडे आणि अक्षरं मिसळलेला, आणि ड्युलक्सवर ३०वायवाय ७८/०३५ असं काहीतरी लिहिलेलं असतं. हा ड्युलक्सचा कोड मला फार आवडतो कारण तो वाचता येतो. पहिला भाग रंग कुठल्या घराण्यातला ते सांगतो, इथे पिवळ्याचं घराणं, मधला ७८ म्हणजे तो रंग किती उजेड परत फेकतो (शून्य म्हणजे पूर्ण काळा, शंभर म्हणजे पूर्ण पांढरा), आणि शेवटचा आकडा रंग किती दाट ते सांगतो, ०३५ म्हणजे अगदी फिका. म्हणजे दुकानात न जाता कळतं की हा एक उजळ, पिवळसर ऑफ व्हाइट आहे. पण या कोडचं एशियनच्या किंवा बर्जरच्या नंबराशी काहीही नातं नाही. आणि शेडच्या नावांवर तर अजिबात जाऊ नका, 'आयव्हरी' सगळ्यांकडे आहे आणि सगळ्यांचा वेगळा आहे.

आता दुकानदाराच्या मशीनमध्ये काय होतं ते बघा. डब्यात असतो बेस, म्हणजे जवळजवळ तयार रंग. फिक्या शेडसाठी पांढरा बेस, त्यात टायटॅनियम डायऑक्साइड भरपूर, आणि गडद शेडसाठी दुधाळ दिसणारा पण वाळल्यावर पारदर्शक होणारा बेस. त्यात मशीन वरून कलरंट सोडतं, यलो ऑक्साइड, रेड ऑक्साइड, काळा, निळा, हिरवा असे. आता प्रत्येक कंपनीच्या बेसचा पांढरेपणा वेगळा, कलरंटचा जोर वेगळा, म्हणजे दोन घरांच्या गोड्या मसाल्यासारखं, यादी तीच पण आमटीची चव एक येत नाही. म्हणून एका कंपनीचा फॉर्म्युला दुसरीच्या बेसमध्ये चालत नाही, नवीन काढावाच लागतो. बऱ्याच मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या कंपन्यांचे नंबर आधीच भरलेले असतात, दुकानदार तो नंबर टाकतो आणि फॉर्म्युला येतो. पण तो फॉर्म्युला त्या कंपनीच्या शेड कार्डाला जुळवलेला असतो, तुमच्या भिंतीला नाही. तुमच्या भिंतीवर कित्येक वर्षांचं ऊन, देवघराच्या उदबत्तीचा धूर, किचनचा तेलकटपणा बसलेला आहे. कार्ड कोरं करकरीत आहे. मग जुळणार कसं?

आणि आता जो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो. समजा मशीनने अगदी बरोबर जुळवला, दुकानात दोन्ही शेजारी ठेवले, फरक शून्य. तरी घरी आल्यावर रात्री दोन रंग वेगळे दिसू शकतात. याला मेटामेरिझम म्हणतात. आपला डोळा रंग बघताना प्रकाशाच्या सगळ्या लहरी वेगवेगळ्या मोजत नाही, तीनच प्रकारच्या पेशी आहेत त्यासाठी, त्यामुळे अगदी वेगळ्या पिगमेंटने बनलेले दोन रंग एका प्रकाशात सारखे दिसू शकतात, आणि प्रकाश बदलला की त्यांचं पितळ उघडं पडतं. गंगापूर रोडला माझ्या मावसबहिणीच्या हॉलमध्ये हे इतकं स्पष्ट दिसलं की मी फोटो काढून कामावरच्या पोरांना दाखवले. तिची टीव्हीची भिंत करडट हिरवी, सध्या सगळ्यांना हवा असतो तो सेज. अर्धी भिंत जुनी, अर्धी दुसऱ्या कंपनीत जुळवलेली. सकाळी गॅलरीचं दार उघडं असताना सांधा शोधावा लागत होता, बोट ठेवून सांगावं लागत होतं की इथून नवीन आहे. संध्याकाळी तिने पीओपीतले पिवळे लाइट लावले आणि एक बाजू मातकट झाली, दुसरी हिरवीच राहिली, मधोमध सरळ उभी रेघ. दोन्ही डब्यांवरच्या स्लिपा तिने जपून ठेवल्या होत्या म्हणून कारण कळलं, एकात यलो ऑक्साइड आणि काळा यांच्यावर हिरवटपणा आणला होता, दुसऱ्यात हिरवा कलरंट घालून वर रेड ऑक्साइडने तो मारला होता. वाट वेगळी, दिवसा मुक्काम एकच, रात्री नाही.

म्हणून आमच्याकडे लाइट बूथ असतो, एक पेटी, आतून करडी, तिच्यात बटण दाबलं की वेगवेगळे प्रकाश लागतात. एक ६५०० केल्व्हिनचा, दिवसाच्या उजेडासारखा, एक २८५६ चा, जुन्या पिवळ्या बल्बसारखा, आणि ट्यूबलाइटचा. पॅनल सगळ्यांत पास झालं तर पास. घरी पेटी लागत नाही, पण आपल्या घरात कुठला बल्ब आहे ते माहीत पाहिजे. एलईडीच्या खोक्यावर लिहिलेलं असतं, ६५०० म्हणजे पांढरा, ३००० म्हणजे पिवळसर. ज्यांच्याकडे दोन्ही आहेत त्यांनी दोन्हीत बघायचं. करडे, सेज, बेज, मळकट गुलाबी असे रंग यात जास्त फसवतात कारण ते तीन-चार कलरंटनी बनतात. शुद्ध पिवळा किंवा साधा क्रीम त्यामानाने बरा.

आकड्यात बोलायचं तर दोन रंगांमधला फरक डेल्टा ई ने मोजतात, १९७६ पासून हे मोजमाप रुळलंय. साधारण १ च्या आसपास फरक असेल तर सरावलेल्या डोळ्याला तो शेजारी-शेजारी ठेवल्यावर जेमतेम कळतो. आमच्याकडे कस्टमर १ च्या आत मागतात. भिंतीच्या मधोमध पॅच मारायचा असेल तर तेवढंच लागतं. पण दोन भिंती कोपऱ्यात भेटत असतील तर याहून बराच जास्त फरक खपून जातो, कारण तिथे उजेडच वेगवेगळ्या कोनातून पडतो, एकाच डब्यातला रंगसुद्धा दोन भिंतींवर वेगळा दिसतो. हे लक्षात ठेवा, पुढे याचाच उपयोग आहे.

रंग जुळला तरी चकाकी जुळली पाहिजे, हे लोक विसरतात. एशियनचा चकाकीवाला रॉयल मारलेल्या भिंतीवर त्यांच्याच मॅट ट्रॅक्टर इमल्शनचा पॅच, नंबर तोच, कंपनी तीच, तरी तो ओळखू येणार. मॅट भिंत उजेड सगळीकडे पसरवते म्हणून रंग जरा फिका, खडूसारखा वाटतो, शीन असलेली भिंत दाट वाटते. आणि कंपन्यांचं मॅट, सॉफ्ट शीन, सॅटिन हेसुद्धा एकमेकांशी जुळेलच असं नाही. सोपी टेस्ट म्हणजे भिंतीला गाल लावल्यासारखं उभं राहायचं आणि खिडकीच्या दिशेने भिंतीवरून तिरकं बघायचं, किती चमकते ते लगेच कळतं. जुनी भिंत पुसून पुसून चकचकीत झालेली असेल, स्विचच्या आसपास होतेच, तर तिथला तुकडा नमुन्याला घेऊ नका.

नमुना. इथे आमच्या पेंटरमामांचं ऐकायचं. मामा पंचवटीचे, वाड्यांना चुना मारण्यापासून सुरुवात केलेले, चुन्यात नीळ किती घालायची ते हातावर घेऊन सांगायचे. त्यांना मी मोबाइलमध्ये शेडचा नंबर दाखवायला लागले तर म्हणाले, "ताई, नंबर राहू द्या, पोपडा द्या मला." आणि स्वतःच काढला. मेन स्विच बंद करायला लावला, स्विचबोर्डची प्लेट काढली, तिच्या मागे रंगाची एक पट्टी होती जिला इतक्या वर्षांत उजेड लागलेला नव्हता. ती आणि बाहेरची भिंत, दोन वेगळे रंग. आतला गार, स्वच्छ क्रीम, बाहेरचा तोच पण पिवळा पडलेला. मी म्हटलं मामा आतला खरा आहे ना? ते म्हणाले, "खरा आतला, पण दिसतो बाहेरचा, जुळवायचा बाहेरचा." मग पॅचच्या कडेलाच, जिथे तसंही नवीन पुट्टी येणार होती तिथे, भिंत आधी ओल्या फडक्याने पुसली, वाळू दिली, ब्लेडने चौकोन कापला, दीड-दोन इंचाचा, आणि पुट्टीची पत्री आडवी घालून हळूच उचलला. मागे थोडी पुट्टी चिकटून आली पाहिजे, म्हणजे तुकडा तुटत नाही आणि आरपार दिसत नाही. वर्तमानपत्रात नाही, साध्या पांढऱ्या पाकिटात ठेवला, शाई लागू नये म्हणून.

ज्या भिंतीला जुळवायचं त्याच भिंतीचा तुकडा घ्या हेही महत्त्वाचं. पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत आणि तिच्या शेजारची भिंत, दोन्ही एकाच दिवशी रंगवलेल्या असल्या तरी आज एक रंग उरलेल्या नाहीत.

असा तुकडा घेऊन ज्या दुकानात स्कॅन करायचं यंत्र आहे तिथे जायचं. गावात काही दुकानांत आहे, आधी फोन करून विचारा. स्पेक्ट्रोफोटोमीटर म्हणतात त्याला, तुकड्यावर टेकवलं की तो मोजतो आणि सॉफ्टवेअर त्यांच्या बेसमधला फॉर्म्युला काढतं. दुकानदाराला सांगा दोन-तीन ठिकाणी मोजा. मोबाइलच्या अॅपने फोटो काढून जुळवणं या कामाला चालत नाही, कॅमेरा स्वतःच रंग दुरुस्त करत असतो. दिवाळीच्या आधी शनिवार-रविवार जाऊ नका, गर्दीत कोणाला वेळ नसतो, मधल्या वारी दुपारी जा.

एक लिटरच्या डब्यात जुळवणी अवघड असते याचं कारण साधं आहे. फिक्या शेडला कलरंट लागतोच इतका थोडा की लिटरमागे थेंबभर इकडे-तिकडे झालं तर रंग हलतो, तेच वीस लिटरमध्ये तेवढ्या थेंबाने काही होत नाही. त्यात मशीनच्या नोझलच्या तोंडाशी कलरंट वाळलेला असेल तर पहिला डोस कमी पडतो. म्हणून सकाळी दुकान उघडल्याबरोबरचा पहिला डबा शक्यतो आपला नसावा, आणि परवडत असेल तर चार लिटर घ्यावा. डबा हलवून झाल्यावर झाकण उघडायला लावायचं, बोटभर रंग आपल्या पोपड्याच्या अर्ध्या भागावर लावायचा आणि वाळू द्यायचा. ओला बघून हो म्हणू नका, इमल्शन ओलं असताना दुधाळ, फिकं दिसतं आणि वाळल्यावर जरा गडद होतं.

घरी आणल्यावर जाड ड्रॉइंग पेपरवर दोन हात मारा, मधे चार तास जाऊ द्या, रात्रभर वाळवा. आता इथे एक गोष्ट. रंग निवडताना कागदाला पांढरी कड ठेवतात ते ठीक आहे, पण रंग जुळवताना पांढरी कड चालत नाही, मधे पांढरं आलं की डोळ्याला फरक कळत नाही. कात्रीने कागदाची कड कापून टाका, रंग थेट काठापर्यंत आला पाहिजे, मग तो काठ भिंतीवर चिकटपट्टीने दाबून बसवा आणि लांब जा. सकाळी बघा, चार वाजता बघा, रात्री सगळे लाइट लावून बघा, नुसते पिवळे लावून बघा. काठ दिसेनासा झाला तर झालं काम.

थोडासा हुकला तर हाताने आणता येतो, मामांसारखे लोक स्टेनरने आणतात. छोट्या बाटल्या मिळतात यलो ऑक्साइडच्या, काळ्याच्या, अशा. एका वाटीत मोजून रंग काढायचा, त्यात थेंब घालायचा, ढवळायचा, लावून वाळवायचा, थेंब लिहून ठेवायचे, मग त्या हिशोबाने डब्यात. गुलाबी झाक आली असेल तर हिरव्याचा थेंब, फार उजळ वाटला तर काळ्याचा, पण काळा फार जोरकस असतो, काडीच्या टोकाने घ्यायचा. आणि म्हणूनच दुकानात जुळवताना कणभर फिका जुळवून घ्यावा, कारण फिक्याचा गडद होतो, गडदाचा फिका करायला पांढरा ओतत बसावं लागतं आणि डबा वाढत जातो. मात्र मेटामेरिझमची गडबड असेल तर स्टेनर उपयोगाचा नाही, दिवसाचा जुळवाल तर रात्रीचा बिघडेल. तेव्हा दुकानदाराला सांगून वेगळ्या कलरंटचा फॉर्म्युला काढून घ्या, बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये एकाच रंगाला दोन-तीन पर्याय निघतात.

आणि हे सगळं करूनही माझं मत विचाराल तर पॅच मारूच नका, जुळलेल्या रंगाने ती अख्खी भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मारा. मगाशी म्हटलं ना, कोपऱ्यात फरक खपतो. भिंतीच्या मधे डेल्टा ई १ सुद्धा खटकू शकतो, कारण नुसता रंग नाही, नवीन रोलरचा पोत, पुट्टीची शोषून घ्यायची ताकद, रंगाचा थर, सगळंच वेगळं असतं. पॅचवर आधी प्रायमर नीट बसला पाहिजे, नाहीतर तेवढीच जागा रंग पिते आणि मॅट दिसते. एका भिंतीला रंग थोडा जास्त लागतो, पण सोफ्यावर बसलं की रोज तीच जागा दिसत नाही. दोन-तीन डबे लागणार असतील तर ते आधी एका मोठ्या बादलीत एकत्र करून घ्या, एकाच फॉर्म्युल्याचे डबेसुद्धा सूतभर वेगळे असू शकतात आणि मधे भिंतीवर डबा बदलला की ते दिसतं.

लीक झालेल्या भिंतीची घाई करू नका. ओल असलेली भिंत गडद दिसते आणि तिला जुळवलेला रंग महिन्याभराने, भिंत कोरडी झाली की, परका दिसतो. पावसाळ्यात फोडलेली भिंत असेल तर ऑक्टोबरचं ऊन लागेपर्यंत थांबा. उलट एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची दुपार इतकी कोरडी तापते की रोलर परत येईपर्यंत कड वाळलेली असते आणि सांधे उमटतात, तेव्हा सकाळी लवकर काम संपवायला सांगा.

पांढऱ्याचं वेगळं लिहावं लागेल एवढं ते मोठं आहे. सगळ्यांना वाटतं पांढरा तर पांढरा, त्यात काय जुळवायचं, पण उलट आहे, पांढऱ्यात डोळा सगळ्यात बारीक फरक पकडतो. कोणाचा पांढरा निळसर, कोणाचा दुधासारखा पिवळट, आणि सिलिंगवर उजेड तिरका पडतो त्यामुळे रोलरची एकेक फेरी मोजता येते. सिलिंगला पाण्याचा डाग पडला असेल तर आधी लीक बंद करा, वाळू द्या, मग त्यावर डाग दाबणारा प्रायमर मारा, साध्या इमल्शनमधून तो पिवळा डाग पुन्हा वर येतो. आणि त्यानंतर कुठल्याही कंपनीचा पांढरा आणा, पोपडा वगैरे काही नेऊ नका, त्या खोलीचं सगळं सिलिंग एकदमच करून घ्या. मामा तर सिलिंगचा पॅच मारायला येतच नाहीत.